‘पारायण’ म्हणजे नेमके काय, आणि ‘ह.भ.प.’मधला ‘प’ कुठला?

प्रश्न थोडक्यात असा: चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात रामनवमी ते हनुमान जयंती असा अखंड हरिनाम सप्ताह बसणार आहे. पत्रिकेच्या कच्च्या प्रतीत वर ‘श्री ज्ञानेश्वरी पारायण’ आणि खाली कीर्तनकारांच्या नावाआधी ‘हरिभक्तपारायण’ असे जुळवून आले. छापखान्यातला माणूस म्हणतो, शब्द एकच आहे. गावातली जुनी माणसे म्हणतात, नाही. मग पारायण शब्दाचा मूळ अर्थ काय, तो आला कुठून, नुसत्या वाचनाला पारायण का म्हणायचे नाही, आणि सात दिवसांत अठरा अध्याय बसवायचे कसे?

जुनी माणसे बरोबर आहेत. शब्द दोन आहेत. फरक एका कान्याचा, पण अर्थ पार वेगळा.

पारायण म्हणजे पार + अयन. ‘पार’ म्हणजे नदीचा पलीकडचा काठ, पैलतीर. ‘अयन’ म्हणजे जाणे, वाट. ग्रंथाच्या ऐलतीरावरून निघायचे आणि पैलतीराला लागायचे, हे पारायण. तापीच्या काठच्या माणसाला हे जास्त सांगायला नको. नाव मध्यावर सोडून कोणी ‘मी तापी उतरलो’ म्हणत नाही. शब्दात ना समजणे आहे, ना पाठांतर, ना पुण्य. त्यात फक्त ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत’ एवढेच आहे. पारायणाचे मुळातले नियम, म्हणजे मधला अध्याय गाळू नये, रोजचा वाटा ठरलेला असावा, सुरू केलेले अर्धे सोडू नये, या एका अर्थातून निघतात. बाकीचे नियम मागून चिकटलेले आहेत.

याच ‘पार’चे नातेवाईक मराठीत पुष्कळ. पारंगत म्हणजे पलीकडे पोहोचलेला. अपार म्हणजे ज्याला पैलतीरच नाही असा. काम आपण पार पाडतो. एकादशीच्या उपवासाचे द्वादशीला सुटते ते पारणेही याच घरचे, कारण पारणे म्हणजे व्रत शेवटाला नेणे. डोळ्यांचे पारणे फिटते तेव्हा डोळ्यांचा उपवास सुटलेला असतो. मात्र गावातल्या वडाच्या पाराशी याची सांगड घालू नका. ‘पारावर बसून वाचायचे म्हणून पारायण’ ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण शब्द संस्कृतातून तयार होऊन आला आहे आणि त्यातला पार नदीचा आहे.

आता ‘ण’ कुठून आला? अयन तर ‘न’चे. संस्कृतात र किंवा ष यांच्या पुढे, मध्ये अडथळा न येता, न आला की त्याचा ण होतो. ‘पार’मध्ये र आहे म्हणून पारायण. उत्तरायण का आणि दक्षिणायन का, याचेही उत्तर हेच. उत्तरमध्ये र आहे, मध्ये कोणी आडवे येत नाही, म्हणून ण. दक्षिणमध्ये क्षच्या पोटात ष आहे खरा, पण पुढे ण आडवा बसला आहे, तो परिणाम पलीकडे जाऊ देत नाही, म्हणून न तसाच राहिला. अहिराणीत आणि लेवा बोलीत ण बहुधा न होतो, पाणीचे पानी होते. त्यामुळे बोलण्यात ‘पारायन’ आले तर ती बोलीची रीत आहे, तिला चूक म्हणू नये. पत्रिकेत मात्र ण छापावा.

दुसरा शब्द परायण. हा पर + अयन. ‘पर’ म्हणजे श्रेष्ठ, शेवटचे. जिथे शेवटी जायचे ते ठिकाण, परम आश्रय, म्हणजे परायण. समासाच्या शेवटी आला की अर्थ होतो ‘त्यातच गढलेला’. धर्मपरायण, कर्तव्यपरायण हे शब्द असेच बनले. ह.भ.प. याचा विस्तार हरिभक्तपरायण असाही करतात आणि हरिभक्तिपरायण असाही. पहिल्यात हरीचे भक्त हाच ज्याचा आधार, दुसऱ्यात हरीची भक्ती हाच ज्याचा आधार. दोन्ही व्याकरणाने चालतात. ‘हरिभक्तपारायण’ चालत नाही. त्याचा अर्थ लावायचाच झाला तर ‘हरिभक्त आरंभापासून शेवटपर्यंत वाचून काढणे’ असा काहीतरी लागेल, आणि कोणत्याही कीर्तनकाराला ते आवडणार नाही.

शब्द किती जुना? पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात तो आहे. पाचव्या अध्यायाच्या पहिल्या पादातले ७२वे सूत्र पारायण, तुरायण आणि चांद्रायण ही तीन नावे एकत्र घेते आणि ते ते करणाऱ्याला काय म्हणावे ते सांगते. काशिका या त्यावरच्या टीकेत उदाहरणे दिली आहेत: पारायण करणारा तो पारायणिक, म्हणजे छात्र. तुरायण हा यज्ञ, तो करणारा तौरायणिक म्हणजे यजमान. चांद्रायण हे चंद्राच्या कलांबरोबर घास कमी-जास्त करायचे व्रत, ते करणारा चांद्रायणिक म्हणजे तपस्वी. तिघांच्या रांगेत पारायण विद्यार्थ्याच्या वाट्याला आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आज पारायण म्हटले की पूजा, संकल्प, प्रसाद आठवतो. मुळात ते पाठशाळेतले काम होते.

त्या पाठशाळेत चुकांचा हिशोबही असे. म्हणताना एक चूक करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ऐकान्यिक’ म्हणत, म्हणजे ज्याचे एक ‘अन्य’, भलतेच, पडले तो. दोन चुका करणारा द्वैयन्यिक, तीन करणारा त्रैयन्यिक. काशिकेने ही मोजणी चौदा चुकांपर्यंत नेली आहे. चुकांची संख्या सांगायला स्वतंत्र शब्द लागावेत, इतकी ती बाब रोजची होती. आपल्याकडे सप्ताहात दोनशे माणसे एकदम वाचतात, तिथे कोणाचे किती ‘अन्य’ गेले ते माउलीलाच ठाऊक.

पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यात हा शब्द आला आहे तो मात्र गमतीने. बृहस्पतीने इंद्राला देवांची हजार वर्षे एकेक शब्द उच्चारून शब्दपारायण सांगितले, तरी शेवट लागला नाही. म्हणजे पारायण आणि पारच नाही! पतंजलीला म्हणायचे होते ते असे: शब्द एकेक करून संपणार नाहीत, नियम शिका. पुढे तो म्हणतो, विद्या चार वेळी उपयोगाला येते. गुरूकडून घेताना, स्वतः घोकताना, दुसऱ्याला सांगताना आणि प्रत्यक्ष व्यवहारात. त्याच्या शब्दांत आगम, स्वाध्याय, प्रवचन आणि व्यवहार. सप्ताहाचा दिवस या चौकटीत ठेवून पाहा. सकाळचे पारायण स्वाध्यायाच्या जागी आहे आणि दुपारचे प्रवचन प्रवचनाच्या. ‘अर्थ कळत नाही तर वाचता कशाला’ असे जे विचारतात, ते सकाळच्या कामाकडून दुपारचे काम मागतात.

जवळचे शब्द इथेच वेगळे करून घेतलेले बरे, कारण पत्रिकेत ते सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. अध्ययन म्हणजे अधि + अयन. त्यातही मूळ धातू जाण्याचाच आहे, पण अर्थ शिकणे. पाठ म्हणजे ठरलेला मजकूर रोज म्हणणे, जसा संध्याकाळचा हरिपाठ. कोणी रोज फक्त पंधरावा अध्याय वाचत असेल तर तो नित्यपाठ झाला, वर्षभर वाचला तरी पारायण नव्हे. उलट रोज एक अध्याय वाचून अठरा दिवसांत ज्ञानेश्वरी संपवली तर ते पारायण, त्याला सप्ताहच लागतो असे नाही. आवर्तन म्हणजे लहान मजकूर मोजून पुन्हा पुन्हा म्हणणे. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करतात तेव्हा फलश्रुती शेवटी एकदाच म्हणतात. संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने दोनदा, असे तोंडी घेतलेले शिक्षण. संथा झाल्याशिवाय पूर्वी पारायणाला बसूच देत नसत. आज छापील पोथीने ती पायरी काढून टाकली आहे, आणि वाचनातल्या पुष्कळ चुका तिथून येतात.

खानदेशाला अभ्यासाच्या या परंपरेचा जुना दाखला आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीसारख्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. (हा चांगदेव ज्योतिषी. तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव, ज्यांना ज्ञानदेवांनी पासष्टी पाठवली, ते वेगळे.) लेख संस्कृतात आहे, पण मठाच्या उत्पन्नाचा भाग जुन्या मराठीत. अभ्यासाला वर्गणी लागते आणि वर्गणीचा हिशोब लोकांच्या भाषेत लिहावा लागतो, हे तेव्हाही ठाऊक होते.

आता सात दिवसांची वाटणी. इथे बहुतेक गावे फसतात, आणि ती अध्याय मोजून वाटणी करतात म्हणून फसतात. अठरा भागिले सात म्हणजे रोज अडीच अध्यायांच्या थोडे वर, असा सोपा हिशोब करून पत्रिका छापली जाते. ज्ञानेश्वरीचे अध्याय मात्र सारखे नाहीत. पाचवा १८० ओव्यांचा आणि अठरावा सुमारे १,८१०. प्रचलित प्रतीत एकूण ओव्या ९,०३३ धरतात, म्हणजे एकटा अठरावा अध्याय पाचवा हिस्सा खातो. तेराव्याच्या सुमारे १,१७०, कारण ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसा या एका शब्दावरच शंभराहून अधिक ओव्या खर्ची पडल्या आहेत. गीतेचे श्लोक पाहून अंदाज बांधणाऱ्याला हे कळत नाही.

सामुदायिक वाचन मिनिटाला सात ओव्यांच्या आसपास चालते. एकटा सरावाचा वाचक आठ-नऊपर्यंत जातो. सातच्या गतीने सगळा ग्रंथ साडेएकवीस तासांचा. रोज तीन तास धरले तर एकवीस होतात, म्हणजे अर्धा तास कमीच पडतो. अडीच अध्यायांच्या वाटणीत पहिला दिवस दोन तासांच्या आत उरकतो आणि मंडळी खूश होतात. शेवटच्या दिवशी मात्र जवळजवळ सहा तास वाचायचे उरतात. मंडपात काल्याची गडबड, बाहेर दिंडीचे टाळ, आणि आत अठराव्याच्या ओव्या पळत सुटलेल्या.

ओव्या मोजून वाटणी करा. पहिल्या दिवशी अध्याय १ ते ४, सुमारे १,१५० ओव्या. दुसऱ्या दिवशी ५ ते ८, तेवढ्याच. तिसऱ्या दिवशी ९ ते ११, हा भारी, १,५७८, तीन तासांवर पाऊण तास जास्त लागेल. चौथ्या दिवशी १२ आणि १३, सुमारे १,४२०. पाचव्या दिवशी १४ ते १६, सुमारे १,४९०. सहाव्या दिवशी १७ आणि अठराव्याच्या पहिल्या ९०० ओव्या. सातव्या दिवसाला अठराव्याच्या राहिलेल्या ९१०, पसायदान त्यातच आले, सव्वादोन तासांत मोकळे. सातव्या दिवशी ग्रंथदिंडी असते, म्हणून तो दिवस हलका ठेवायचा. अध्याय मध्ये तोडायला काही जण राजी नसतात. मग सतरावा पाचव्या दिवशी ओढा, त्या दिवशी संध्याकाळी तासभर जास्त बसा, आणि सहावा आणि सातवा दिवस मिळून अठरावा अध्याय घ्या. तो तरी तुटतोच. एका दिवसात अखंड हवा असेल तर चार तास वीस मिनिटांची तयारी ठेवावी.

पहिल्या दिवशी उत्साहात पाचवा अध्यायही उरकून घेण्याचा मोह होतो. होऊ देऊ नये. उशिरा येणारे वाचक दुसऱ्या दिवशी मागे पडतात, घरी जाऊन भरून काढतो म्हणतात आणि काढत नाहीत.

चैत्रात जळगाव-भुसावळकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो. वाचन सकाळी सातला सुरू करून दहाला उठावे. ते जमले नाही आणि दुपारी बसायचे ठरले, तर भंडाऱ्याच्या पंगतीनंतर लगेच बसवू नका. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी खाऊन बसलेल्या माणसाकडून तेराव्या अध्यायाची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पंगत आणि वाचन यांत दीड तास तरी जाऊ द्यावा.

वाचनात काय बिघडते? ओवीचे चार चरण. पहिल्या तिघांची यमके जुळतात, चौथा आखूड. गती वाढली की बळी पडतो तो चौथाच. तिसऱ्याचे यमक कानाला पटले की जीभ पुढच्या ओवीवर उडी मारते आणि चौथा चरण अर्धा गिळला जातो. ओवीचा मुद्दा पुष्कळदा त्याच चरणात असतो. उपाय सोपा आहे. व्यासपीठ चालकाने पहिला चरण एकट्याने उचलायचा, बाकीच्यांनी दुसऱ्यापासून मिळायचे. श्वास दुसऱ्या चरणानंतर आणि ओवी संपल्यावर घ्यायचा. एवढे केले की पळणारे आपोआप थांबतात, कारण पुढच्या ओवीचा आरंभ त्यांच्या हातात राहत नाही. दुसरी चूक अनुस्वाराची. ‘तें’, ‘जैसें’ यांवरचे टिंब नाकात हलके म्हणायचे, नाहीतर सोडून द्यायचे. ‘तेम्’, ‘जैसेम्’ असे ओठ मिटू नयेत. ध्वनिक्षेपकावर तो ‘म्’ गावभर जातो.

तिसरी अडचण पोथ्यांची. प्रत्येक जण घरची प्रत घेऊन येतो आणि ओव्यांचे क्रमांक जुळत नाहीत. हे छपाईचे दोष नव्हेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, आणि नकला करता करता तिच्यात अपपाठ इतके शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शुद्ध करावी लागली. जो कोणी तिच्यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असे समजावे, असे त्यांनी बजावून ठेवले. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या हस्तलिखितावरून छापलेल्या प्रतीत ओव्यांची संख्या आणि शब्दांची रूपे दोन्ही वेगळी पडली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. या दोन पाठांत कोणता खरा, हा वाद मंडपात सोडवायचा नसतो. एक प्रत ठरवा, तिचे नाव पत्रिकेत छापा, आणि वेगळी प्रत आणणाऱ्याला क्रमांकाऐवजी ओवीच्या पहिल्या शब्दांवरून जागा दाखवा.

गुरुचरित्राच्या सप्ताहालाही हाच नियम लावा. तिथे बावन्न अध्यायांची सात दिवसांची वाटणी दोन प्रकारे चालते. एकीत रोजचा शेवट ९, २१, २९, ३५, ३८, ४३ आणि ५२ या अध्यायांवर, दुसरीत ७, १८, २८, ३४, ३७, ४३ आणि शेवट. पहिलीत पाचव्या दिवशी तीनच अध्याय येतात ते उगीच नाही. ३६ आणि ३७ हे आचारधर्माचे अध्याय आहेत आणि लांब आहेत. ज्याने ती वाटणी केली त्याने ओव्या मोजल्या होत्या. दोन वाटण्या मिसळल्या की कुठे अध्याय दोनदा येतो, कुठे गळतो, आणि गळला की पारायण राहिले नाही.

मध्येच खंड पडला तर काय, हेही विचारतात. सुतक आले, ताप आला, केळीच्या घडांची गाडी भरायला जावे लागले. सामुदायिक पारायणात समूहाचे पारायण पूर्ण होते, गेलेल्याचे नाही. त्याने राहिलेला भाग नंतर क्रमाने वाचून शेवट करावा. क्रम महत्त्वाचा, तारीख नाही. राहिलेला सोडून थेट शेवटाला मिळाले की नाव मध्ये खडकावर लागलेली असते.

व्यवहारातल्या मराठीत पारायणाला आणखी एक अर्थ आला आहे: तेच ते पुन्हा पुन्हा. ‘या पुस्तकाची मी पारायणे केली’ म्हणणारा प्रेमाने म्हणतो, ‘त्याचे पारायण सुरू झाले’ म्हणणारा कंटाळून. दोन्हीत आवृत्ती आली आणि पैलतीर मागे पडला. भाषा असे करतेच, त्यात दोष नाही. पत्रिकेत मात्र ‘ज्ञानेश्वरीची पारायणे’ असे अनेकवचन लिहायचे असेल तर ग्रंथ खरोखर एकाहून अधिक वेळा पूर्ण होणार आहे ना ते पाहा. पन्नास जण मिळून एकदा वाचणार असतील तर पारायण एकच.

तेव्हा छापखान्यात दुरुस्ती द्या ती अशी. वरची ओळ: ‘श्री ज्ञानेश्वरी पारायण, रोज सकाळी ७ ते १०, तिसऱ्या दिवशी १०.४५ पर्यंत, चौथ्या आणि पाचव्या दिवशी १०.३० पर्यंत’, आणि तिच्याखाली बारीक टाइपात रोजचे अध्याय आणि प्रतीचे नाव. कीर्तनकारांच्या नावाआधी नुसते ‘ह.भ.प.’ ठेवा. विस्तार लिहायचाच असेल तर ‘हरिभक्तपरायण’, आणि त्यातल्या ‘प’ला काना लागलेला नाही ना, हे प्रूफ तपासताना बोट ठेवून पाहा. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकात पारायण शब्द आधीच साठवलेला असतो आणि तो आपणहून काना लावून देतो.